आजीच्या भजनापासून रेडिओहेडपर्यंत

शास्त्रीय गायकाला गुरूचं नाव घ्यायचं असलं की तो कानाच्या पाळीला हात लावतो, नाव घेतो आणि पुढे बोलू लागतो. सगळा कारभार दोन सेकंदांत आटपतो. स्वतः गाणी लिहून, स्वतःच चाल लावून, स्वतःच्याच बेडरूममध्ये गादी भिंतीला टेकवून ध्वनिमुद्रण करणाऱ्या पॉप गायकाला मात्र हेच सांगायला पाऊण तास लागतो. समोर दोन मायक्रोफोन, मागे मनीप्लँट, कोपऱ्यात जांभळा दिवा, आणि मुलाखत घेणाऱ्याचा ठरलेला पहिला प्रश्न : ‘तुझे इन्फ्लुएन्सेस कोण?’

प्रश्न ऐकल्यावर कलावंत आधी छताकडे बघतो. हा प्रश्न येणार हे त्याला आठवडाभर माहीत असतं, तरी छताकडे बघावं लागतं. मग एक सुस्कारा. मग ‘यार, खूप आहेत...’ आणि त्यानंतर यादी.

ही यादी वरवर उत्स्फूर्त वाटली तरी तिची घडण पक्की आहे. सुरुवातीला सगळ्यांना माहीत असलेला एक इंग्लिश बँड येतो, बहुधा रेडिओहेड. मग आइसलँड किंवा तत्सम थंड मुलखातला, कुणालाच माहीत नसलेला एक बँड. त्याचं नाव घेतल्यावर मुलाखतकार ‘ओ, येस!’ म्हणतो आणि घाईने पुढच्या प्रश्नाकडे जातो. मग देशी मातीशी नातं सांगायला आर. डी. बर्मन किंवा रहमान. आणि सगळ्यांत शेवटी, आवाज थोडा खाली आणून, आजी.

आजी फार महत्त्वाची. गेल्या काही वर्षांत आजीशिवाय एकही मुलाखत पार पडलेली मी पाहिलेली नाही. ती पहाटे उठते, सडा घालते, भजन म्हणते आणि अर्धवट झोपेतल्या नातवाच्या कानात सूर पडतात. माझ्या भाच्याचा बँड आहे. त्यानेही एका मुलाखतीत आजीची भजनं सांगितली. त्याची आजी म्हणजे माझी आई. आमच्या आईने आयुष्यात एकही भजन म्हटलेलं नाही. ती पहाटे उठून पुणे केंद्राच्या बातम्या ऐकायची आणि बातम्यांना उलट उत्तरं द्यायची. माझ्या बहिणीने मुलाखत ऐकून मुलाला विचारलं, ‘‘अरे, कुठली भजनं?’’ तो म्हणाला, ‘‘आई, व्हाइब महत्त्वाचा असतो.’’ पुढे बँडचं नवं गाणं ऐकलं तेव्हा लक्षात आलं की आजीचा प्रभाव खरोखर पडलाय, पण तो बातम्यांना उलट उत्तरं देण्याचा.

या याद्यांत कोण असतं यापेक्षा कोण नसतं, हे बघायला जास्त मजा येते. नव्वदीच्या दशकात वाढलेल्या मुलाने रिक्षात, एसटीच्या थांब्यावर, वडापावच्या गाडीपाशी आणि लग्नाच्या हॉलमध्ये हजारो तास जे संगीत ऐकलं, त्यातलं एकही नाव यादीत येत नाही. अल्ताफ राजा नाही. अनु मलिक नाही. निरमाची जाहिरात नाही. गल्लीतल्या मंडळाचा स्पीकर थेट याच्या खिडकीकडे तोंड करून दहा दिवस वाजायचा. परीक्षेचा अभ्यास त्याच तालावर झाला. तरी तो स्पीकर यादीत नाही. गाण्यात मात्र तो असतो. ड्रमरने जरा हात सैल सोडला की ताशा ऐकू येतो, आणि बँडमधले चौघे एकमेकांकडे दचकून बघतात.

खरं बोलणारेही आहेत. जयपूरचा प्रतीक कुहाड न्यूयॉर्कला गणित आणि अर्थशास्त्र शिकायला गेला आणि एलियट स्मिथ या अमेरिकी गायकाच्या नादी लागला. त्याची गाणी ऐकली की हे न सांगताही कळतं : हलकी गिटार, कानाशी कुजबुजल्यासारखा आवाज आणि फसलेलं प्रेम. २०१९ साली बराक ओबामांनी त्यांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचं ‘कोल्ड/मेस’ घातलं. तेव्हापासून देशातल्या प्रत्येक नवोदित गायकाच्या वडिलांना एक मुद्दा मिळाला आहे. पूर्वी ते म्हणायचे, ‘आधी डिग्री पूर्ण कर.’ आता म्हणतात, ‘त्याने गणित केलं होतं.’

आपल्या पुण्याचा ऋत्विज घ्या. शास्त्रीय संगीत शिकलेला मुलगा, २०१७ मध्ये ‘उड गए’ करतो आणि सगळं कॉलेज त्यावर नाचतं. त्यात नाचणाऱ्यांना हरकत नव्हती आणि शास्त्रीयवाल्यांना पत्ता नव्हता, त्यामुळे सगळं सुरळीत पार पडलं. केरळचा हनुमानकाइंड ह्यूस्टनमध्ये वाढला, रॅप इंग्रजीत करतो. २०२५ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या कोचेलाच्या मंचावर गेला तो चेंडा वाजवणाऱ्यांचा ताफा बरोबर घेऊन. तिथे कुणी त्याला इन्फ्लुएन्स विचारले नसावेत. एवढ्या ढोलांसमोर प्रश्न विचारणार तरी कोण, आणि ऐकू कुणाला येणार?

पण या सगळ्यांचा मूळपुरुष शोधायचा तर गोव्यात शिवोलीला जावं लागतं. रेमो फर्नांडिस. लहानपणी लंडनहून परतलेल्या नातेवाइकाने बिल हेलीची तबकडी आणली आणि पोरगं बिघडलं. मुंबईच्या जे. जे.मध्ये वास्तुशास्त्र शिकला, मग युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकला, आणि परत येऊन १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ नावाचा अल्बम घरातच ध्वनिमुद्रित केला. वाद्यंही स्वतः वाजवली. कंपनीबिंपनी नाही. कॅसेट तयार झाल्यावर साहेब स्वतःच्या पिवळ्या स्कूटरवर बसून दुकानोदुकानी त्या पोचवत फिरले. आज ज्याला ‘डीआयवाय’, ‘सेल्फ रिलीज’, ‘डायरेक्ट टू फॅन’ वगैरे म्हणतात आणि ज्यावर दिवसभराच्या परिषदा भरतात, ते सगळं एका स्कूटरवर मावत होतं. पुढे २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या स्कूटरलाही एखादं प्रमाणपत्र द्यायला हवं होतं.

मुंबईत तेव्हा वेगळीच तऱ्हा होती. १९८६ पासून धोबी तलावाजवळच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ भरायचा. काळे टी-शर्ट, लांब केस, घामाचा समुद्र. बहुतेक बँड डीप पर्पल आणि आयर्न मेडनची गाणी वाजवत. म्हणजे इन्फ्लुएन्स विचारायची सोयच नव्हती. माणूस आपला अख्खा इन्फ्लुएन्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत जसाच्या तसा वाजवून दाखवायचा. मधूनच एखादा बँड ‘हे आमचं स्वतःचं गाणं’ म्हणाला की प्रेक्षकांना वडापाव आठवायचा. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनात खरोखरच शांतता झाली. त्यातलेच कितीतरी काळे टी-शर्टवाले आज बँकांत मोठ्या हुद्द्यांवर आहेत. त्यांच्या मुलांनी गिटार मागितली की तेही म्हणतात, ‘आधी डिग्री पूर्ण कर.’

मराठीतली गंमत अशी की आपल्याकडे स्वतंत्र पॉप होतं, पण ते आहे हे कुणी आपल्याला सांगितलंच नाही. २००३ मध्ये सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू केलं. स्वतःच्या कविता, स्वतःच्या चाली, सिनेमा नाही, नाच नाही. नाट्यगृह लावायचं, तिकिटं विकायची आणि हाउसफुल्लचा बोर्ड टांगायचा. व्याख्येत बसवायचं तर हे शंभर टक्के इंडी. पण झब्बा घातलेल्या माणसाला इंडी म्हणायची पद्धत नाही. त्यांना इन्फ्लुएन्स विचारायचीही वेळ आली नसेल, कारण मध्यंतरात मेकअप रूममध्ये येऊन ‘तुमच्या या गाण्यावर अमक्याची छाप आहे हं’ असं सांगणारे काका प्रत्येक नाट्यगृहात तिकीट काढून हजर असतात.

इन्फ्लुएन्सचा विषय संपला की मुलाखतीत दुसरा प्रश्न येतो : ‘फेस्टिव्हलचा अनुभव कसा होता?’ इथे एक गोष्ट मी बारकाईने ऐकत आलोय. फेस्टिव्हलचा अनुभव सांगताना संगीताचा उल्लेख येत नाही. चिखल येतो, बस बंद पडलेली येते, हरवलेली केबल येते, जनरेटर येतो, एका सुप्रसिद्ध परदेशी ड्रमरने जेवणाच्या रांगेत ‘हाय’ म्हटल्याची हकिकत येते. ही हकिकत सगळ्यांत लांब. वाजवलं काय, हे विचारलं तर उत्तर एकच : ‘क्राउड भारी होता!’

फेस्टिव्हलचं सगळं राजकारण पोस्टरवर वाचता येतं. वर ठळक अक्षरांत परदेशी पाहुणे, खाली मध्यम अक्षरांत आपले नावाजलेले, आणि तळाशी मुंगीएवढ्या टायपात पन्नासेक नावं. लग्नपत्रिकेत ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारे चि. बंटी आणि कु. पिंकी जिथे असतात, ती ही जागा. तळातलं नाव दिसावं म्हणून बँडचा मॅनेजर पोस्टर फोनवर मोठं करून, नावाभोवती लाल गोल काढून सगळ्यांना पाठवतो. आमच्या घरच्या ग्रुपवर असं पोस्टर आलं तेव्हा खाली अभिनंदनाचे बरेच निरोप पडले. त्यातल्या एका मावशीने विचारलं, ‘‘अरे, हे डोळे तपासायचं आहे का?’’

आणि वेळ. टायप जेवढा बारीक तेवढं ऊन जास्त, हा फेस्टिव्हलचा नियम. बारीक टायपातल्यांना दुपारी अडीच-तीनचा स्लॉट मिळतो. मुंबईत लोलापलूझा आलं ते जानेवारी २०२३ मध्ये. १९९१ साली पेरी फॅरेलने अमेरिकेत स्वतःच्या बँडच्या निरोपाचा दौरा म्हणून सुरू केलेलं प्रकरण. निरोप काही संपला नाही आणि फिरत फिरत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पोचलं. आशियातलं ते पहिलंच. रात्री इमॅजिन ड्रॅगन्स आणि द स्ट्रोक्स यांच्यासाठी मुंगीला शिरायला जागा नाही. दुपारी मात्र रेसकोर्स म्हणजे रेसकोर्सच. आता जानेवारी असो की मार्च, मुंबईचं दुपारचं ऊन जिथे घोडेसुद्धा टाळतात, तिथे आपला गिटारवाला लेदर जॅकेट घालून उभा राहतो. समोर असतात ते आईवडील, मॅनेजर, दोन छायाचित्रकार, सावली शोधत चुकून इकडे आलेलं एक जोडपं आणि पुढच्या बँडचे लोक. तरीही तो गातो. मनापासून गातो. मला विचाराल तर फेस्टिव्हलमधलं सगळ्यांत चांगलं गाणं याच वेळी होतं, कारण गमावण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं आणि साउंडवाल्याने अजून कुणाच्या भल्यासाठी आवाज वाढवलेला नसतो.

पुण्याच्या एनएच सेव्हन विकेंडरने हे सगळं २०१० पासून आपल्या अंगवळणी पाडलं. हिवाळ्यात एकाच शहरात एकीकडे सवाई गंधर्व महोत्सव आणि दुसरीकडे विकेंडर, अशी चैन पुण्याने केली. दोन्हीकडे जाणारे थोडे असले तरी आहेत, आणि त्यांच्याकडून फार उपयुक्त माहिती मिळते. सवाईत माणूस सतरंजीवर बसतो, विकेंडरला उभा राहतो. पाय दोन्हीकडे दुखतात. सवाईत गाणं चालू असताना शेजारचे आजोबा डोळे मिटून घेतात. झोप की समाधी, हे घोरण्यावरून ठरवावं लागतं. विकेंडरला डोळे मिटलेल्या तरुणाबद्दल तोच प्रश्न पडतो, फक्त निकष वेगळे. सवाईत बटाटेवड्याच्या रांगेत गेल्या वर्षीच्या मारव्याची चर्चा चालते. तिकडे पिझ्झ्याच्या रांगेत २०१९ सालच्या ओपेथची. स्वीडनचा हा धातुकाम करणारा बँड पुण्यात वाजवून गेला त्याला आता वर्षं झाली, पण ‘तुम्ही तेव्हा नव्हतात ना? मग जाऊ द्या,’ हा स्वर अस्सल सवाईतला आहे. भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये महोत्सव सुरू केला तेव्हापासून पुण्यात हा स्वर जोपासला गेलाय.

दोघांना एकत्र आणणारी खरी गोष्ट म्हणजे रात्रीचे दहा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचा लाउडस्पीकर दहा ते सहा बंद केला. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्या पंधरांतले बरेच गणपती-नवरात्रातच जातात. सवाईची पहाटेपर्यंत रंगणारी मैफल या घड्याळाने संपवली. रात्रीच्या उत्तरार्धातले राग मोकळ्या मैदानावर आता ऐकायचे कुठे, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर विनोद सुचत नाही. तिकडे हेडलायनर पावणेदहाला ‘पुणे, वन मोअर?’ म्हणून ओरडतो, पुणे ‘वन मोअर!’ म्हणतं, आणि मंचाच्या कडेला उभा असलेला आयोजक घड्याळाकडे बोट दाखवत रडवेला होतो. स्वतंत्र पॉपच्या आजच्या घडणीवर रेडिओहेडपेक्षा या नियमाचा प्रभाव जास्त आहे. गाणी तीन मिनिटांची झाली ती उगीच नाही.

भाच्याच्या मते खरा फेस्टिव्हल म्हणजे झिरो. अरुणाचल प्रदेशात आपातानी लोकांच्या भातखाचरांच्या खोऱ्यात २०१२ पासून भरतो, सप्टेंबरअखेरीस, मंच बांबूचा. नाहरलगुनपर्यंत रेल्वे, पुढे डोंगरातून सुमो. पाऊस हमखास. तिकडे जाऊन आलेला प्रत्येक संगीतकार पहिला महिनाभर कुणाशी नीट बोलत नाही आणि नंतर फक्त त्याबद्दलच बोलतो. गमबूट हा त्याच्या बोलण्यातला आवडता शब्द. ‘माणूस तिथे बदलतो,’ असं भाचा म्हणाला. तो परत आला तेव्हा सर्दी झाली होती आणि कपडे धुवायला आईकडेच आणले होते, पण आतून बदल झाला असेल.

या सगळ्यात पैसा कुठे असतो, हे विचारणं असभ्य समजतात. पण मावशा विचारतात. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आलं तेव्हा वाटलं होतं, आता रेमोची स्कूटर प्रत्येकाच्या खिशात. २०२४ पासून त्यांचा नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा मोबदलाच धरायचा नाही. हजार म्हणजे काही फार नाही, असं आपल्याला वाटतं. भाच्याच्या गाण्यासाठी आमच्या बहिणीने स्वयंपाक करताना, इस्त्री करताना, आणि शेवटी आवाज बंद करून रात्रभर ते चालू ठेवलं. घरातली मोलकरीण आता ते गुणगुणते. त्याच्या बँडचा जगातला पहिला अस्सल श्रोता असेल तर ती. तिच्याकडे कुणी अजून मुलाखतीला फिरकलेलं नाही.

आणि मग अचानक कुठूनतरी लॉटरी लागते. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ करतो आणि मंगल कार्यालयांत त्या वर्षी दुसरं गाणं वाजत नाही. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीकडून बाहेर पडतं, आणि मराठी शब्दांवर परदेशी डीजे मान हलवू लागतात. या दोन्ही गाण्यांत यादीबाहेरची सगळी मंडळी बिनधास्त येऊन बसली आहेत : वरात, मंडळ, स्पीकर, ताशा. आइसलँड कुठेच नाही. बँडवाल्या पोरांनी आधी नाकं मुरडली. आता त्यांच्या मुलाखतींत आजीच्या जोडीला हळूच ‘लहानपणी ऐकलेली गणपतीची मिरवणूक’ येऊ लागली आहे. येऊ द्या. उशिरा का होईना, खरं बोलताहेत.

तेव्हा यंदा एखाद्या फेस्टिव्हलचं तिकीट काढलंच तर मुख्य पाहुण्यांसाठी संध्याकाळी सहाला जाऊ नका. टोपी घाला, पाण्याची बाटली दारावर काढून घेतील हे गृहीत धरा आणि दुपारी तीनला हजर व्हा. पोस्टरच्या तळातलं कुठलंही एक नाव निवडा आणि पुढे जाऊन उभे राहा. जागा भरपूर असते. गाणं आवडलं तर नंतर त्या मुलाला गाठा, पण इन्फ्लुएन्स विचारू नका. त्यांचा टी-शर्ट विकत घ्या. मीडियम साइज संपलेला असतो, एक्स्ट्रा लार्ज घ्या.